रविवारचा प्रिंटर

“साहेब सांगायचे, ‘मारुती, सुट्टी असली तरी रविवारी येऊन प्रिंटर चालवून जा. शाई वाळली की ती फवारणाऱ्या हेडची भोकं बुजतात.’ एक रविवार चुकवला नाही मी.”

बोईसरच्या रिक्षा स्टँडवर सुगंधा रांगेत जप करत उभी होती. पुढचे दोघे, बोलण्यावरून, औषधांच्या खोक्यांवर तारीख छापणाऱ्या खात्यातले होते.

“पण आता नवीन हेड आलाय ना?”

“आलाय. काम थांबलं की आपलं तोंड आपणच झाकून घेतो. महिनाभर शाई वाळत नाही.”

“मग झोप की मस्त! नशीबवान हायस.”

“किती झोपू, भावेश? ही गेल्यापासून खोलीवर हाक मारायला कोणी नाही. रविवारी गेटवर वॉचमन भिकाकाका असतात. प्रिंटर चालवून झाला की दोघं मिळून जेवायचो.”

“आता तुला आत सोडणार नाय.”

“बाहेर बसेन. रविवारी बंद कंपनीत काकांना तरी कोण भेटतंय? परवा विचारत होते, ‘नवा हेड आला तरी येशील ना रं?’ येतो म्हणालो.”

“काम नाय, पगार नाय. येडा हायस तू!”

रिक्षा आली. मारुतीने कंपनीचं नाव सांगितलं.

“काका, आज तो कंपनी बंद है,” रिक्षावाला म्हणाला.

“मालूम है,” म्हणत तो आत बसला.