साड्यांच्या आतली रोही

माझं नाव वच्छला. माहेर अचलपूरजवयचं, जातीचे आमी मायी, बाप माझा भाजीपाला अन् फुलं पिकवे, मेथी, सांभार म्हनजे तुमची कोथिंबीर, वांगे, दसऱ्याच्या अगोदर झेंडू, अन् सकायच्या एसटीनं परतवाड्याच्या बाजारात नेये, मी बी जाये संगं, टोपल्यावर हात ठेवून. तुमी ते फोनातलं रेकॉर्डिंग चालू ठेवा ताई, मी बोलते, मले काई लाज नाई. तं बापाची येक रीत होती. मयाच्या कडंचा येक तास, म्हनजे येक ओळ, तो कधी तोडतच नोयता, ज्वारी असो का मका, ती येक ओळ तशीच उभी राहे. कोनी इचारलं तं म्हने, ते त्याईचं हाय. त्याईचं म्हनजे कोनाचं, तं पाखराचं, सशाचं, जो येईन त्याचं. अन् धुऱ्यावरच्या, म्हनजे बांधावरच्या, बोरी, हिवर, बाभयी, त्याले कोयता लावू दे नोयता. माय म्हने, या मानसाले अर्धं वावर जंगलाले देऊन टाकाचं हाय. पन भांडन नोयतं त्यात, हसन्यावारी न्यायची ती.

लगन झालं अन् मी इकडे आली, हिवरखेडच्या पल्याड, इथून सातपुड्याचे पहाड दिसते, पहाडाच्या मांग मेयघाट. इथे वावर म्हनजे पऱ्हाटी, तुमची कपाशी, पऱ्हाटी अन् तूर, ज्याच्याजवय पानी त्याची केयी. अन् धुरा पाहाल तं न्हाव्यानं दाढी केल्यावानी साफ, येक झाड नाई. मी नवी सून, मले वाटे सावलीले बसाचं कोठी इथे. पन काय सांगू तुमाले, नवी सून काय बोलन? बोलली नाई. तीस वर्षं बोलली नाई.

आमच्या ह्यायनं पंधरा-इस वर्षं फवाऱ्याचा पंप पाठीवर घेतला. आमी त्याले औषध म्हनतो, पाहा, जहराले औषध म्हनतो. येका अश्विनात दुपारच्या पारी फवारनी चालू होती, वारा उलटा झाला, सारं तोंडावर आलं, तरी हे म्हने पऱ्हाटीचे दोन तास राहिले, ते करूनच येतो. घरी आले तं डोये लालबुंद, तोंडातून फेस. अकोल्याच्या दवाखान्यात सात दिवस होतो आमी. जीव वाचला, देवाची किरपा. पन उजवा हात तवापासून थरथरते. चहाचा कप बशीत ठेवला का वाजतेच, शर्टाची गुंडी मीच लावून देते. मी घरात कोठीबी असो, तो कप वाजला का मले समजते, हे उठले.

तवा म्या तोंड उघडलं. दवाखान्यातून आलो त्याच हप्त्यात ओट्यावर सारे बसेल होते, अन् म्या गजाननभाऊजीले म्हटलं, आता आपल्या वावरात हे जहर नाई. भाऊजी म्हनजे माझा दीर, ह्यायचा लहाना भाऊ. वाटनी झाली नाई आमची, सातबाऱ्यावर दोघायचं नाव हाय, पन ह्यायचा हात गेला तवापासून सारं वावर भाऊजीच वाहते. वाईट मानूस नाई तो, दवाखान्यात रातंदिवस तोच होता बाहेर बाकावर. पन वावरातलं त्याले बाईमानसानं सांगाचं नाई. आधी तं हसला. मंग म्हने, असं करा वयनी, नाल्याकाठचे ते दोन एकर घ्या, तीन तुरी देतो तुमाले, म्हनजे तीन वर्षं. तिसरी तूर माझ्या तुरीच्या बरोबरीनं झाली तं ते वावर जन्मभर तुमचं, मी बोट लावनार नाई. नाई झाली तं ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर घालून सारं उलथवतो अन् तुमी घरी बसाचं. साऱ्यायच्या समोर म्हटलं त्यानं. मी बी हो म्हटलं साऱ्यायच्या समोर.

पह्यल्या वर्षी लोकायनं लय मजा केली माही. म्या नांगरलं नाई, वखरलं नाई, कुटार, भुसा अन् पऱ्हाट्याच्या काड्या पेटवल्या नाई, तशाच आथरल्या जमिनीवर. मंधात तूर, तिच्या बाजूनं मूग, उडीद, अंबाडी, कडंनं झेंडू. लोकं म्हनत, वच्छलाबाईनं वावरात गाद्या टाकल्या. तूर झाली गुडघ्याएवढी, भाऊजीची खांद्याएवढी. मी रडली, खोटं काहून बोलू. पन दुसऱ्या वर्षी, ताई, मी ते कुटार हातानं उचललं तं खाली माती कायीभोर, ओली, अन् वास कसा तं बापाच्या मयाचा. गांडुयं तं इतले का पाय ठेवाले भेव लागे. म्या ह्यायले हात धरून नेलं, म्हटलं, हात घाला. त्यायनं तो थरथरता हात मातीत घातला, अन् मातीत गेला का हात थांबे. खरं सांगते, थांबे. मंग आमी रोज जात जाऊ, हे बसत मातीत हात घालून, अन् मी काम करत राहो.

धुरा बी सोडला म्या. बोरी आल्या, पयस आला, त्याच्यात मुंगूस राहाले आलं, तितर आले, ससे आले. मले लय आनंद झाला. मले वाटलं बाप असता तं आज नाचला असता. पन जंगलाले येकदा या म्हटलं का ते काई आपल्याले इचारून थांबत नाई. ससा आला त्याच्या मांग डुक्कर आलं, डुकराच्या मांग रोही आले, तुमी शहरातले नीलगाय म्हनता ते. घोड्याएवढं जनावर, येका रातीत तुरीचे शेंडे सफाचट. अन् गावात सारे मलेच बोलाले लागले का हिनं जनावरं पोसून ठेवली. खोटं कसं म्हनू? म्याच बोलावले.

तिसऱ्या वर्षी येकायेकानं बंदोबस्त केला. खालच्या वावरावाल्यानं झटका मशीन लावली, ते येक मशीन राह्यते, तार टकटक करत राह्यते दिवसभर, जनावराले झटका बसते, मरत नाई. वरच्यानं बी तेच केलं. भाऊजीनं लोखंडी जायी आनली अन् गेट बसवलं, गेटाले कुलूप, कुलपाची किल्ली करदोड्याले. मंग पहाडातून उतरल्याल्या जनावराले जागा कोनती राह्यली? नाल्यातून वर आलं का माझंच वावर मोकयं. भाऊजी म्हने, वयनी, तार लावा. मले ते टकटक सोसत नाई. म्या म्हटलं, मी साड्या लावते.

आमच्याकडे लावतात तसं. वावराभोवती काड्या रोवाच्या अन् जुन्या साड्या बांधाच्या, वाऱ्यानं फडफडल्या का जनावर बिचकते. म्या पेटी उघडली. माझ्या लगनातली हिरवी, मंगलाच्या बारशाची जांभयी, मंगला म्हनजे माही पोरगी, अकोल्याले दिली, सासूबाईचे तीन लुगडे, मायचं येक. माझं सारं आयुष्य त्या दोन एकराभोवती बांधलं म्या, ताई. हे बसेल होते धुऱ्यावर. आखरी साडी राह्यली तवा हे म्हने, थांब, आधी वावरातून डबा वाजवत फिर, आत काई बसेल असन तं निघून जाईन, मंग गाठ मार. रीतच हाय ती, लहान पोरालेबी मालूम हाय. पन तूर फुलोऱ्यात होती. डोक्याच्या वर गेलेली, पिवयी, मधमाशा घुं घुं करून राहिल्या. आत शिरली असती तं फुलं गयाली असती. माही तिसरी तूर होती ती. म्या म्हटलं, काई नाई आत, अन् गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकायी लेंड्या दिसल्या. ताज्या, येकाच जागी ढीग, रोही तसंच करते, रोज त्याच जागी. मी हयूच वाकून तुरीत गेली तं मंधात मादी उभी, अन् तिच्या पायाशी पिलू, ओलं, लटपटत होतं. तिनं माझ्याकडे पाह्यलं, म्या तिच्याकडे पाह्यलं. माझ्या साड्यायनं जनावर बाहेर नोयतं ठेवलं, आत कोंडलं होतं.

म्या नाल्याकडची साडी सोडली, म्हटलं जा बाई. पन त्याच हप्त्यात भाऊजीची जायी नाल्याच्या तोंडापर्यंत आली होती, मले पत्ताच नाई. ती तिथवर गेली, जायीले नाक लावलं, वापस आली. दोन बाजूनं झटका, येका बाजूनं जायी, अन् आता नाल्याकडंबी जायी. तिले येकटीले उडी मारून जाता येत होतं, येक दिवस गेलीबी, म्या या डोयानं पाह्यली, अशी उडी मारली पाखरावानी. पिलू इकडे ओरडाले लागलं, अन् घडीभरात वापस.

आता काय करू? किल्ली भाऊजीच्या करदोड्याले. त्याले सांगाव तं तूर रोह्यानं खाल्ली हे समजन, अन् माझे तीन वर्षं गेले. नाई सांगाव तं ती रोज खातेच हाय. महिनाभर मी चूप राहिली, ताई. ह्यायलेबी नाई सांगतलं. रोज जाव, कडंची तूर उभी, बाहेरून पाहाल तं भरगच्च, अन् आतून पोकय होत चालली. पोरीचा फोन आला, म्हने आई, आवाज असा काहून, येते का अकोल्याले चार दिवस. म्या म्हटलं, तुझ्या बाबाच्या गुंड्या कोन लावन?

अन् मंग भाऊजी आले. सोयाबीन इकून आले होते, खुशीत होते. साडीच्या बाहेरून चालत पुरा चक्कर मारला, शेंगा हातात घेऊन पाहल्या, येक शेंग फोडली, दाने दातात चावले. मी मांगं मांगं. भाऊजी म्हने, वयनी, मी हारलो, अशी तूर माझीबी नाई. ठेवा तुमचं वावर. असं म्हटलं त्यानं, माझ्या तोंडावर म्हटलं. चूप राह्याचं होतं फक्त. सोंगनीच्या, म्हनजे कापनीच्या, वक्ती म्हटलं असतं डुकरायनं खाल्लं, कोनाले काय समजत होतं? ते पाठ फिरवून निघाले. अन् आत पिलू ओरडलं. त्यायले आयकू नाई आलं, त्याईचे कान तं ट्रॅक्टरनं गेले. मलेच आलं.

म्या म्हटलं, भाऊजी, गेट उघडून द्या.

म्हने, काहून? म्या साडी बाजूले केली, आत नेलं, दाखवलं. मंधातली सारी तूर खाल्लेली, बसून बसून खळं केल्लं. भाऊजीनं ते पाह्यलं. किल्ली काहाडली अन् गेटाकडे गेले, म्हने, हाका आता, माझ्या हरभऱ्यात पाय पडू देऊ नका.

म्या ह्यायले बोलावलं घरून. काठी घेऊन हाकावं तं बिथरन, पिलाले तुडवन, झटक्यावर जाऊन पडन. ह्यायनं पत्र्याचा डबा घेतला, त्यात दोन गोटे टाकले, अन् नुसता धरला. वाजवला नाई, ताई. तो हात आपोआपच वाजवे. हयू, येकसारखा, टिन टिन टिन. ज्या हाताचं मले इतले वर्षं दुःख, त्या हातानं. मादीनं कान टवकारले, भेली नाई, बस चालाले लागली, आवाज मांगं अन् ती समोर, पिलू तिच्या पोटाखाली, अशी लगनाच्या वरातीवानी निघाली गेटातून. नाल्यात उतरली अन् पहाडाकडे लागली. हे तसेच उभे डबा घेऊन. म्या डोक्यावरचा पदर तोंडात दाबला.

भाऊजीनं कुलूप लावलं. मंग मले म्हने, वयनी, काहून सांगतलं? चूप राहिल्या असत्या तं तुमचं होतं. म्या येवढंच म्हटलं, बोली ते बोली. ते म्हने, हो, बोली ते बोली. रागानं नाई म्हटलं, पन म्हटलं.

तूर सोंगून झाली परवा. भाऊजीच्या निम्मी बी नाई झाली. येक तास म्या सोडला नाल्याच्या कडंनं, बाप सोडे तसा. भाऊजीनं पाह्यला, पन रोटाव्हेटर उद्या सकायी येते, त्याले कायचा तास अन् कायचा धुरा. साड्या आनल्या सोडून. उन्हानं रंग उडाले साऱ्यायचे, लगनातली हिरवी तं पांढरी पडली, पन फेकवत नाई. गांडुयाचं मले राहून राहून वाटते. ते कोठी जातीन? त्याईले तं पहाड बी मालूम नाई.

हे आता मातीत हात कोठी घालतीन, येवढीच मले फिकर हाय. घरी अंगनात येक कुंडी भरून आनली त्या मातीची, पन कुंडी ते कुंडीच. जनावर सुटलं हे बरं झालं, त्याचा मले पस्तावा नाई, लेकरू तं लेकरूच असते. मी कोठी सुटनार? मले गेट उघडं करून देल्लं तरी मी ह्यायले टाकून उडी मारनार नाई. ते पाहा, कप वाजला. उठले हे.

तुमी बसा ताई, एसटीले टाइम हाय अजून. वाटीभर तुरीची दाय बांधून देते, घरच्या जात्यावरची हाय, बिनजहराची. लेकराबायाले शिजवून घाला, सुखी राहा. पुढच्या साली मागाल तं नाई राह्यनार माझ्याजवय.