कोमुझची जाड तार

नारिन शहराच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात सायरागुल रांगेत उभी होती. पुढचा म्हातारा तेमिरकुल इयरबड कानांवर अडकवून मोबाईलमधलं कोमुझ या तीन तारांच्या वाद्याचं रेकॉर्डिंग ऐकत होता.

"कसा वाटतोय आवाज, आजोबा?" दुकानदारानं त्याला विचारलं.

"हा माझ्या बायकोचा कोमुझ. पण तिची जाड तार कुठं गेली रे?"

"उघड्या इयरबडात खर्ज पातळच येतो. हे कान बंद करणारे घालून बघा."

"आली तार. पण तुझी बडबड गेली."

"मग फायदाच झाला की."

"तीन डोंगरांपलीकडे लांडगा खोकला तरी ऐकणारे कान आहेत हे माझे. आता बायको अंथरुणाला खिळलीय, तर नुसता तिचा श्वास ऐकत बसतात."

"मग मोबाईलवरच मोठ्यानं लावा ना."

"लावलं होतं. तर ती स्वतःच वाजवायला उठू लागली."

"मग कुठले देऊ?"

"उघडेच दे. तार मला पाठ आहे."