झोपलेली मांडी

…आणि वर म्हणते कशी, ‘मांडी झोपलीय, काका!’ आता तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं लोकांचे केस कापतोय मी, दिवसाचे दहा तास उभा, माझी मांडी झोपेल कधी? पण ती योगाची बाई, बाई कसली, पोर आहे हो, माझ्या मुलीच्या वयाची, दोन बोटं मांडीवर दाबून बघते आणि नुसती मान हलवते!

मी काही हौसेनं नाही गेलो. गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मांडीत जोर आणा, नाहीतर उभ्याचं काम बंद. मुलगा तर टपलेलाच, म्हणे, बाबा, दुकान देऊन टाकू, तुम्ही घरी बसा. घरी बसून करू काय? भिंतीची हजामत?

म्हणून गेलो. बाई म्हणते, सरळ उभे राहा, गुडघा मागे ढकलू नका, मांडीचा स्नायू वर ओढा, गुडघ्याची वाटी उचलली पाहिजे. ओढला की! दात आवळले, मुठी आवळल्या, पोट आवळलं, श्वास तर असा कोंडला की शेजारच्या आजी विचारतात, पाणी आणू का? आणि बाई काय म्हणते? ‘मांडी झोपलीय, काका.’ पाय फाकवून हात पसरले, तरी झोपलेली. एका पायावर उभा राहिलो, लटपटलो, आजींच्या अंगावर जाता जाता वाचलो… मी अख्खा जागा, आणि मांडी तेवढी झोपलीय! तीन आठवडे हेच!

शेवटी बाईनं विचारलं, ‘दाढी करताना गिऱ्हाइकाला काय सांगता?’ म्हटलं, सांगतो की बाबा रे, गाल सैल सोड, खांदे सोड, मान तेवढी धर. ‘मग तेच करा की.’ तोंड सोडलं, मुठी सोडल्या, श्वास सोडला, मांडी तेवढी धरली… आणि काय सांगू, वाटी सर्रकन वर! बाईनं बोटं दाबली, तर बोटं आत जाईनात. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला बोलू?

मग काय, दुकानातही तेच. वर कात्री चालू, खाली मांडी धरलेली. दोन महिन्यांत गुडघे गप्प. डॉक्टरांनी दोन्ही वाकवून बघितले, पाठ थोपटली, म्हणाले, ‘आता अजून पंधरा वर्षं आरामात उभे राहाल.’

पंधरा वर्षं! रोज दहा तास! तुम्हाला सांगतो, दुकान वाचलं, मुलाचं तोंड बंद झालं, मी जिंकलो… आणि तिथंच, दवाखान्यात, आयुष्यात पहिल्यांदा मला बसावंसं वाटलं.