दोन्हीकडून पिनवाली वायर

—नाही, नाही, रंग पाहू नका भाऊ. लाल हाय का पिवळी, त्यानं काय होते? वरचा पत्रा हाय तो. बसा. आधी मले सांगा, तुमाले घरी करायचं काय हाय. जनरेटर पायजे आन त्यातच वेल्डिंगबी पायजे — हे समजलं, पाव घंट्यात चारदा सांगतलं तुमी. पन वेल्डिंग कायची? गेट? ठिबकचे स्टँड? फवारनीचा गाडा? बरं. मंजे बारीक रॉड, कधीमधी मधला. मंग हे दोनशे अँपिअरचं धूड कायले पायजे तुमाले? पलीकडच्या दुकानवाल्यानं सांगतलं? त्याच्याकडे तेच पडून हाय दोन वर्सापासून, मनून तो तेच सांगते. तुमाले एकशे साठवालं पुरे. आन पाटीवरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. पाहुन्यायसमोर पोरगं कसं गुनाचं वागते, तसा तो आकडा मशीन दोन मिनिटं देते. खाली बारीक अक्षरात ‘सतत’ मनून लिहिलेलं असते, ते पाहा. दिसत नाही? दिसू नये मनूनच लिहिते कंपनी. मी वाचतो, थांबा.

वाइंडिंग तांब्याचं हाय का अॅल्युमिनियमचं, तेबी इचारायचं. हे? हे तांब्याचं. ते तिकडचं नाही. इचारल्याशिवाय मीबी सांगत नाही, धंदा हाय बाप्पा. आन वेल्डिंग चालू असताना घरातला टीव्ही चालन का मनता? चालन. एकदाच चालन. नाही, थट्टा नाही करून राहिलो — रॉड टेकला का बल्ब नाचतात, टीव्हीचा जीव तो कितीसा. मनून एका टाइमाले एकच काम, लाइट तर लाइट, वेल्डिंग तर वेल्डिंग. डिझेलवालं घ्या. आवाज करते, पन तुमच्या तेल्हाऱ्याकडे बारा-बारा घंटे लाइन नसते, पेट्रोल पाजता पाजता वावर इकावं लागन. वजनाले भारी हाय, दोन चाकं लावून देतो. शेवंती लावता ना तुमी? चांगलं केलं, कापूस सोडला ते. दिल्लीवाले येऊन गेले, मुंबईवाले येऊन गेले, पॅकेज सांगून गेले, लाइन काही आली नाही. मनून तर माहं दुकान चालू हाय. लाइन नाही आली तेच मले बरं, असं तोंडानं मनता येत नाही मानसाले, पन बरंच हाय. नाव काय लिहू बिलावर? जीवन. जीवनभाऊ. गयासुद्दीन मनतात मले, पाटीवर हायच.

काय? वायर? हो, मशीनसोबत वायर येते ना — वेल्डिंगची दोन, होल्डर, चिमटा, सारं येते... नाही, ती नाही? मंग कोनती?

दोन्हीकडून पिन.

नाही भेटत. अशी वायर कंपनी बनवतच नाही, कुठंच नाही भेटत. काहून लागते तुमाले? माहीत हाय मले काहून लागते — एक पिन मशीनच्या सॉकेटात, दुसरी घरच्या बोर्डात, का पुरं घर उजळलं. पंखा, फ्रिज, देवघरातला बल्ब, सारं. इलेक्ट्रिशियनची गरज नाही, स्विच बदलायची गरज नाही. माहीत हाय. पन नाही भेटत. चेंजओव्हर लावून घ्या, भिंतीवरचा मोठा खटका असते, वर केला तर सरकारी लाइन, खाली केला तर मशीन. दोन्ही एका टाइमाले होतच नाही. मी फुकट देतो तो खटका. हो, फुकट. काहून मंजे? मर्जी माही.

कोन मने, गयासभाई देते मनून? कोन? भगवंत? भगवंत माळी? तो तुमचा कोन लागते? शेजारी. वावराच्या धुऱ्याले धुरा. अच्छा. आन भगवंतनं सांगतलं, का अकोल्याले जा, गयासभाईकडून मशीन घे, तो हातानं बनवून देते वायर, पैसे नाही घेत. हसून राहिले तुमी. नाही, खोटं नाही बोलला तो. देत होतो. कुठं दगडावर लिहिलेलं हाय का देनं गुन्हा हाय मनून? गिऱ्हाइकानं दिवाळीले मशीन घेतली, त्याच रातीले बायकोले घर उजळवून दाखवलं तर तो दहा जनाले माहं नाव सांगते. तीन मीटर वायर, दोन पिना, चार स्क्रू, पाच मिनिटाचं काम. मी हातानं करत होतो. किती दिल्या असन? सत्तर. ऐंशी असन. पन देताना सांगत होतो — आधी घरचा मेन खाली पाडायचा, मंगच पिन लावायची. नाही तं घरातली लाइन उलटी जाते. कुठं मंजे? बाहेर. मीटरातून मांगं, खांबावर. सगळ्याईले सांगत होतो मी. दरवेळी. भगवंतले? त्यालेबी सांगतलं असन.

नाही सांगतलं.

ईदच्या आधीचा दिवस होता, दुकानात पाय ठेवाले जागा नव्हती, नईमाचे — माह्या घरवालीचे — दोन फोन येऊन गेले, का शेवया संपल्या. त्यात भगवंतचं बिल केलं, वायर गुंडाळून हातात देली, चाकं लावून देली, अन् पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. त्याच्यानंतर बसून बसून आठवून पाहिलं मी, हे एक वाक्य तोंडातून निघालं का. नाही निघालं. चाकात तेल घाला, हे सांगतल्याचं आठवते. हे आठवते पाहा.

चहा घ्या. थंडा होऊन राहिला. देवमनभाऊ जेवाले गेले, नाही तं त्याईनं आनून देला असता, त्याईच्या हातचा चांगला असते. पाहिले ना तुमी आले तेव्हा? हो, तेच, लंगडत गेले ते. लाइनमन होते ते, तुमच्याच तेल्हाऱ्याकडे. तुमी नाही ओळखलं? दाढी वाढवली त्याईनं आता. वीस वर्सं खांबावर काढली त्या मानसानं. वर चढलं का आधी टेस्टिंगचा बल्ब लावून पाहायचं, लाइन मेली का जिती, मंगच हात घालायचा — हसत होते लोक त्याईले, का देवमन पूजा करून राहिला खांबाची मनून. भगवंतच्याच घरची लाइन खराब होती त्या दिवशी. खांबावरून त्याच्या घराकडे येनारा तार ढिल्ला होता. लाइन जायच्या टाइमाले देवमनभाऊ आले, बल्ब लावून पाहिला, नाही लागला. पुढचा जोड सोडला, मंजे त्या तुकड्यावर एकटं भगवंतचंच घर राहिलं. अन् हात घातला.

अन् भगवंत मांगच्या आंगनात. त्याले काय माहीत, समोर खांबावर कोन हाय. पेरायची तिफन मोडली होती त्याची, त्यानं मशीन सुरू केली वेल्डिंगले. पिन तं बोर्डातच होती, अन् मेन वरच. नेहमीचीच होती ती तिथं.

तुमाले सांगू मले कसं समजलं? भगवंतचा फोन आला. काय मने? मने, गयासभाई, मशीन आपोआप बंद पडली, वॉरंटीत हाय ना? मी मनलं, हाय. तं मने, या जरा लवकर, आन इकडे आमचा लाइनमन खांबावरून पडला, भल्ली गर्दी झाली, मानसं अकोल्याले घेऊन गेले त्याले. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतल्या त्यानं. त्याले त्या दोन गोष्टीच वाटल्या. आजबी तो दोनच समजते. मी फोन ठेवला, गाडीले किक मारली, दीड घंट्यात तिथं. दवाखान्यात नाही गेलो, दवाखाना इथंच, माह्या दुकानापासून दोन गल्ल्या — मी तिकडे भगवंतच्या घरी गेलो. मशीन खोलल्यासारखी केली, बटन वर केलं, झाली चालू. आन बोर्डातली वायर काढली, गुंडाळली, पिशवीत टाकली. भगवंतले मनलं, हे खराब झाली, दुसरी आनून देतो. येता येता पूर्णेच्या पुलावरून फेकून देली.

दुसऱ्या दिवशी लाइट ऑफिसचे साहेब आले पंचनाम्याले. मशीन पाहिली, मशीन घराले जोडलेलीच नव्हती. मंग करंट कुठून आला? कुठूनच नाही आला. लिहून टाकलं, कर्मचाऱ्यानं लाइन तपासली नाही, हातमोजे नव्हते, सोताच्या हलगर्जीनं. बस. उजव्या हाताची बोटं मिटत नाही आता, कमरेत सळई हाय. घरी बसवलं त्याईले.

मी आनलं इथं. मी. तिकडेच गावाले बहिनीकडे राहत होते, मी जाऊन मनलं, दुकानात बसा, गिऱ्हाइकाले समजावून सांगा. मोहल्ल्यात मानसं मनतात, गयासभाई फरिश्ता हाय, लंगड्या मानसाले आसरा देला. मशिदीत एकानं तर उभं राहून सांगतलं. मी खाली पाहत होतो, तं मने पाहा किती नरम मानूस हाय.

ऐका ना. अपंग झाले, ते मी सोसतो. सोसतो मंजे, रोज पाहतो, सवय होते. पन पहिल्या वर्सी ते रोज इचारायचे — गयासभाई, तुमाले मशीनचं समजते, बल्ब नव्हता लागला, मंग आला कुठून? मी काय सांगायचो? मी मनायचो, दुसऱ्या फीडरवरून आला असन, दमट हवा होती, काय नेम हाय इजेचा. मंग हळूहळू इचारनं कमी झालं. आता काय मनतात माहीत हाय? परवा जेवता जेवता मनाले लागले — मीच इसरलो असन. बल्ब लावल्याचं वाटते मले, पन लावला नसन. डोकं चालत नाही आता माहं. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून पाहतात संध्याकाळी, मंग मले पाहाले लावतात. चहात साखर टाकली का नाही, हे मले इचारतात. वीस वर्सं ज्या मानसाची एक चूक नाही झाली, तो मानूस साखर इचारून राहिला, जीवनभाऊ. अन् मी सांगतो, टाकली, टाकली.

नईमालेबी नाही सांगतलं मी हे. तुमाले काहून सांगतलं? वायर मांगतली मनून. नाही देनार मनलं असतं, अन् गप बसलो असतो, तं तुमी घरी जाऊन सोताच बनवली असती. पाच मिनिटाचं काम. आन आता तुमी भगवंतले सांगान. नाही मनू नका, सांगान, धुऱ्याले धुरा हाय तुमचा, अन् सांगायलेच पायजे, त्याच्या बोर्डात आजबी कोनाची तरी वायर असन. भगवंत गावाले सांगन. मंग बहिनीकडून देवमनभाऊले समजन. माह्या तोंडून नाही, गावाच्या तोंडून.

आले. आले पाहा ते, पायऱ्या चढून राहिले. तुमी उठू नका... नाही, उठाच तुमी. ते बिल इथंच राहू द्या, मशीन कुठं जात नाही.

या देवमनभाऊ. जेवले? इकडे बसा, माह्या खुर्चीवर. नाही, चहा नको, काहीच आनू नका, बसा फक्त. कुलूप नाही, साखर नाही, दुसरंच हाय. तुमी बल्ब लावला होता. हो, भगवंतच्या खांबावर. लावला होता तुमी. इसरले नव्हते. मी सांगतो कुठून आला ते.

जीवनभाऊ, जा तुमी. जाता जाता शटर अर्धं खाली ओढा.