चंद्रीला आणायला डोंगरावर

हसताय काय? एकट्यानं डोंगर चढून म्हस शोधा, मग हसा. आमची चंद्री गाभण, दिवस भरलेले, आणि चरायला गेली ती परतलीच नाय. वर बिबट्याचा वावर. सकाळीच आमच्या कापडे गावातनं एकटा निघालो. करवंदीच्या जाळ्यांनी अंग सोलून काढलं, पाणी संपलं. ऊन उतरताना माथ्यावरच्या कारवीच्या झुडपांत शिंगं दिसली. जवळ गेलो, तर माझ्याच अंगावर धावून आली! तिची धार काढते बायको, मला कोण विचारतंय?

माथ्यावर रेंज होती. बायकोला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"चंद्रे, ये गो बाय!" बायकोनं हाक मारली, तशी चंद्री हळूच रेकली.

बायको ओरडली, "अवो, हा आवाज वेगळा हाय. व्याली ती! तिच्या मागं बघा."

कारवीत ओली पारडी, लटपटत उभी! माझे तर डोळेच भरले.

"दोघींना जपून आणा. पारडीला खांद्यावर घ्या."

मी म्हटलं, "सकाळपासून उपाशी हाय गो, पाय उचलत नायत. मला कोण खांद्यावर घेणार?"

"तुमी काय आज जन्मलात?"