उलटी केली की पडला पाहिजे

नाही ताई, अरुंद करून मिळणार नाही. हो, दुसरीकडे करतात, माहीत आहे मला — पातेल्यात पाणी उकळायचं, स्टिकचं हेड, म्हणजे ही जाळीची प्लास्टिकची चौकट, त्यात बुडवायची, प्लास्टिक मऊ पडलं की दोरीनं आवळायचं आणि गार पाण्यात टाकायचं. दहा मिनिटांचं काम. बत्तीस वर्षं लॅक्रॉसच्या स्टिका दुरुस्त करतोय, मला येत नाही असं वाटलं का तुम्हाला? येतं. करत नाही. बसा, जाळी सैल झालीय तेवढी ओढून देतो.

लेक किती वर्षांची तुमची? बारा? मग तिला हे रुंदच बरं. हे बघा — तोंड पसरट आहे, चेंडू कसाही येवो, झेलायला जागा आहे. अरुंद केलं की चेंडू जाळीत घट्ट बसतो, पळताना कुणी काठीवर काठी हाणली तरी सांडत नाही, हे खरं. पण फेकताना? सुटता सुटत नाही, आणि सुटलाच तर पायाशी आपटतो. काय म्हणालात, पोरगी सारखा सांडते? माझीही सांडायची. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण चेंडू सांडायची. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी मला म्हणाली, बाबा, माझे हातच वाईट आहेत. बापाला ऐकवत नाही हो असं. ती अंघोळीला गेली आणि मी तिची स्टिक गुपचूप स्वयंपाकघरात नेली. इतकुसंच आवळायचं होतं, पण वाटलं अजून थोडं — आणि जास्त झालं.

त्या दिवशी तिनं एकदाही चेंडू सांडला नाही. बरोबरी होती, शेवटच्या मिनिटाला तिनंच गोल केला, पोरींनी तिला उचलून घेतलं. तेवढ्यात समोरच्या कोचनं पंचांना सांगितलं, हिची स्टिक तपासा. पंचांनी चेंडू जाळीत ठेवला आणि स्टिक उलटी केली. चेंडू आपोआप पडला पाहिजे, असा नियम आहे. नाही पडला. हलवली — तरी नाही. गोल रद्द, ही मैदानाबाहेर, जादा वेळेत सामना हातचा गेला. मागून कुणीतरी म्हणालं, लबाड आहे पोरगी. आणि मी तिथंच बसलो होतो, हातात तिचं जाकीट घेऊन.

गाडीत मी सांगणारच होतो, शपथ घेऊन सांगतो. पण तीच आधी बोलली — बाबा, परवा मी स्टिक हीटरला टेकवून ठेवली होती, त्यानंच हेड वाकलं असेल ना? आणि मी म्हणालो, असेल.

एवढंच म्हणालो, ताई. असेल.

परत खेळली नाही ती. मैत्रिणींच्या घरी जाऊन एकेकीची माफी मागून आली. नेलं कुणी? मीच नेलं. ती आत जायची आणि मी बाहेर गाडीत बसायचो, इंजिन चालू ठेवून.

आता तिची मुलगी खेळायला लागलीय. रविवारी फोन आला, तर मागं पोरीला बजावत होती, स्टिक हीटरजवळ ठेवू नकोस, माझ्या हातून एकदा तसं झालं होतं. मग मला म्हणते — बाबा, त्या दिवशी तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत, त्यावर मी आजवर निभावलं. आता सांगा, काय तोंडानं सांगू तिला? सांगितलं तर तिला हा बापही उरायचा नाही. नाही सांगितलं तर — नाही सांगितलं तर नातीलाही तेच शिकवणार ती, की माझ्या हातून झालं.

झाली बघा जाळी. चेंडू ठेवतो, उलटी करतो — पडला? पडला ना. मग न्या.

नाही, पैसे राहू द्या. आणि असं बघू नका माझ्याकडे. जाताना दार ओढून घ्या.