करंगळी परत जागेवर

डोळ्याच्या ऑपरेशनआधीचं औषध घालून आजी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पर्स, पर्सवर आजोबांची दहा बोटं. शेजारच्या खुर्चीत मी, दोघांनाही अनोळखी.

"आठ बोटं मधल्या ओळीवर. अंगठे स्पेसबारवर."

"ठेवली."

"डावी करंगळी हवेत आहे."

"डोळे मिटलेत ना तुझे?"

"मांडी माझीच आहे. टायपिस्ट होते मी, बोट टेकलंय की नाही ते कळतं."

"एका बोटानं टाईप केलं तर काय बिघडतं?"

"लेकीला दोन ओळी पाठवायला दुपार जाईल. मला महिनाभर स्क्रीन बंद, रोजची मेल तुम्हालाच करायचीय. करंगळी वर न्या, दाबा, परत जागेवर."

"वर जाते गं. परत यायचं विसरते."

"तुमचीच ती. कोपऱ्यावर गप्पा मारत उभी असेल."

"आजी, चला आत," नर्स म्हणाली.

"अगं, पर्स राहिली."

"असू दे तुमच्याजवळ. सराव करा."

दार लागलं. आजोबांनी पर्स हातात घेतली. मग माझ्याकडे वळले.

"दादा, ही जरा मांडीवर घेता? ती बाहेर यायच्या आत करंगळी जागेवर आणायचीय."